चार चिठ्ठ्या आणि एक पान

नोव्हेंबर २०१८ मध्ये, कारखान्याचा गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, मिरजेतल्या एका मनोविकारतज्ज्ञ मॅडमनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, त्याच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि डाव्या बाजूला पाच औषधांची नावे एकाखाली एक लिहिली. उजवी बाजू मी भरायची होती. "तुम्ही हिशेबातले माणूस आहात, तुम्हाला जमेल," असे त्या म्हणाल्या. मला ती चेष्टा वाटली, कारण २० वर्षे ऊसबिले आणि खतावण्या तपासणाऱ्या माणसाला गेले काही महिने घरच्या दुधाचा हिशेबही लागत नव्हता.

मला बायपोलर विकार आहे, त्यातला दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नैराश्य खोल आणि लांबलचक, तर अतिउत्साहाचे दिवस थोडे आणि वरवर पाहता सुखाचे. हे निदान व्हायलाच दोन वर्षे गेली. २०१६ च्या पावसाळ्यात मी अंथरुणाला खिळलो, तेव्हा कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅम सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात मी असा काही बरा झालो की पहाटे तीनला उठून व्हाउचरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर डेअरीच्या योजना लिहू लागलो. घरी गोठा नसताना दोन मुऱ्हा म्हशींसाठी ४० हजारांचा इसार देऊन आलो. पत्नीने तो इसार सोडवून आणण्यासाठी कोणाकोणाच्या दारात उभे राहून काय काय ऐकून घेतले, ते तिने मला कधी पूर्ण सांगितले नाही. त्या डॉक्टरांनी मला विचारले होते की आता कसे वाटते, आणि मी उत्तम वाटते म्हणालो होतो. पत्नीला मात्र कोणी काही विचारले नव्हते. मिरजेच्या मॅडमनी पहिल्या भेटीत मला दहा मिनिटे आणि तिला अर्धा तास दिला, आणि म्हशींची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. बायपोलर असलेल्या माणसाला नुसतीच नैराश्यावरची गोळी दिली, तर ती कधी कधी त्याला खड्ड्यातून काढून थेट माळ्यावर नेऊन ठेवते, असे त्यांनी समजावले.

आता त्या कागदाची उजवी बाजू. तेव्हा मी ४४ वर्षांचा होतो आणि माझ्याकडे मनाच्या आजाराखेरीज बाकीचेही बरेच होते. रक्तदाब होता, त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी सहा वर्षांपासून चालू होती. दोन्ही कोपरांवर सोरायसिस होता, ज्याला शेजारीपाजारी गजकर्ण समजून हात मिळवायचे टाळत. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभा होतो, आणि वडिलांचा एक पाय मधुमेहाने गुडघ्याखालून काढावा लागला होता, ते मी डोळ्यांनी पाहिले होते. घबराटीचे झटके यायचे, एस. टी.त बसलो की छाती धडधडून आता मरतो असे वाटायचे. आणि गुडघे दुखायचे, ज्यासाठी मी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक घेत असे. ही शेवटची नोंद मी त्या दिवशी कागदावर केलीच नाही, कारण तिला मी औषध समजतच नव्हतो.

पाच नावे होती ती अशी: लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन आणि क्वेटियापिन. पैकी व्हॅल्प्रोएट आधीच्या डॉक्टरांकडे दहा महिने घेऊन झाले होते. नऊ किलो वजन वाढले, केस विंचरताना कंगव्यात पुंजके येऊ लागले आणि सही करताना हात थरथरू लागला. साखरेच्या उंबऱ्यावरच्या माणसाचे नऊ किलो वाढणे ही किरकोळ बाब नाही, म्हणून ते नाव मॅडमनी स्वतःच खोडले. क्वेटियापिन नैराश्याच्या बाजूलाही काम करते आणि झोपही आणते, पण तेही वजन आणि साखर वाढवू शकते, म्हणून त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातले. कार्बामाझेपिनची अडचण मला सर्वांत उद्बोधक वाटली. ते औषध रक्तातले सोडियम कमी करू शकते, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइडही तेच करतो. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात गेले तर दोन नळ उघडून एकच टाकी रिकामी केल्यासारखे होणार. शिवाय ते यकृताला इतर औषधे लवकर निकालात काढायला लावते, त्यामुळे उद्या दुसरे काही सुरू करायचे झाले तर त्याचाही हिशेब बिघडणार.

लॅमोट्रिजिनबद्दल मॅडम आशेने बोलल्या. वजन वाढवत नाही, साखरेच्या वाटेला जात नाही, झोपाळू करत नाही आणि नैराश्याचे झटके परत येण्यापासून बऱ्यापैकी राखते. मात्र ते सावकाश, पायरीपायरीने वाढवावे लागते, कारण घाई केली तर क्वचित अंगावर असे पुरळ उठते की त्वचा सोलून निघते आणि जीवावर बेतते. "आणि तुमच्या अंगावर आधीच सोरायसिस आहे, उद्या नवा लाल डाग उठला तर तो कोणाचा म्हणायचा?" असे त्यांनी विचारले.

राहिले लिथियम. ते खाणीतून निघणारे एक मूलद्रव्य आहे, कोणा कंपनीने शोधून काढलेले रसायन नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादावरचा त्याचा गुण १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि आज ७० हून अधिक वर्षांनंतरही बायपोलरसाठी त्याच्याइतका दीर्घकाळ पारखलेला दुसरा गडी नाही. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत तर त्याचे पारडे विशेष जड आहे, आणि माझ्या चुलत्यांनी विहीर जवळ केली होती हे पत्नीने मॅडमना सांगून टाकले होते. पण उजव्या बाजूला लिथियमसमोर सगळ्यात जास्त नोंदी झाल्या. ते सोरायसिस भडकवू शकते. थायरॉइड आणि मूत्रपिंड यांवर कायमची नजर ठेवावी लागते. आणि टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड हे दोघेही मूत्रपिंडाला लिथियम बाहेर टाकू देत नाहीत, त्यामुळे रक्तातली पातळी चढते. तेवढीच मात्रा घेऊनही माणूस विषबाधेपर्यंत पोहोचू शकतो. अशा औषधासाठी उपयोगी पातळी आणि अपायकारक पातळी यांत फारसे अंतर नाही: मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये साधारण ०.६ ते १.० ही कामाची, तर १.५ च्या पुढे धोक्याची.

तरीही आम्ही लिथियम निवडले. पुढे मला पुष्कळांनी विचारले की इतके सगळे आडवे येत असताना तेच का. याचे कारण असे की बाकीच्यांच्या अडचणी शरीरात सावकाश साचणाऱ्या होत्या आणि लिथियमच्या अडचणी मोजता येणाऱ्या होत्या. रक्त काढले की आकडा समोर येतो. मला मोजता येणाऱ्या धोक्याची भीती कमी वाटते. हा कदाचित माझ्या पेशाचा दोष असेल.

त्यासाठी आधी रक्तदाबाची गोळी बदलणे भाग होते, आणि तिथे पहिली अडचण आली. गावचे फिजिशियन चांगले माणूस आहेत, त्यांनी माझा रक्तदाब सहा वर्षे १३० च्या आत ठेवला होता. मॅडमची चिठ्ठी वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. नीट चाललेली गोळी दुसऱ्या आजारासाठी का बदलायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या जागी तो योग्यच होता. अखेर त्यांनी लिथियमच्या वाटेला न जाणारी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. तिने रक्तदाब आटोक्यात राहिला, पण संध्याकाळपर्यंत घोटे सुजून मोज्यांच्या पट्ट्या कातडीत रुतू लागल्या. फिजिशियनांनी मीठ तोडायला सांगितले, आणि मॅडमनी कळल्याबरोबर फोन करून सांगितले की मिठाचे प्रमाण अचानक बदलायचे नाही. शरीराला मीठ कमी पडले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमलाही धरून ठेवते. यावर पुढे वाचताना मला एक गोष्ट सापडली: केडने लिथियमचा गुण जगापुढे मांडला त्याच १९४९ साली अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड भुरभुरून खाणारे काही हृदयरोगी दगावले आणि तिथे त्यावर बंदी आली. मीठ बंद केलेल्या माणसांनाच ते दिले गेले होते, म्हणजे ज्यांच्या अंगात ते साचणार होते नेमके त्यांनाच. पुढे उन्मादावरचे औषध म्हणून तिथे लिथियमला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले.

सुरुवातीला मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, शिवाय कॅल्शियम आणि ईसीजी करून घेतला. मग रात्री नऊला गोळी आणि आठवड्याने सकाळी बरोबर नऊला रक्त, कारण शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी काढलेल्या रक्ताच्याच आकड्याला अर्थ असतो. लॅबमधल्या मुलाला हे ठाऊक नव्हते. तो साडेसातलाच सुई घेऊन उभा राहिला आणि मी दीड तास बाकावर बसून राहिलो तेव्हा त्याला मी विक्षिप्त वाटलो असणार. पहिल्यांदा ०.४२ आले. मात्रा ६०० वरून ९०० मिलिग्रॅम केल्यावर ०.६६. त्यानंतरचे सात महिने कसे होते हे सांगणे अवघड आहे, कारण त्यांत सांगण्यासारखे काही घडलेच नाही. मार्चअखेरचे हिशेब मार्चअखेरीस पूर्ण झाले. मुलीच्या दहावीच्या परीक्षेला मी तिला केंद्रावर सोडायला गेलो आणि फाटकाबाहेर इतर बापांसारखाच कंटाळलो.

सोरायसिस मात्र कोपरांवरून नडग्यांवर आणि डोक्यात गेला. शर्टाच्या खांद्यावर पांढरे पापुद्रे पडत, म्हणून मी फिकट रंगाचे सदरे घालू लागलो. त्याच सुमारास हाताला बारीक कंप आला होता आणि घबराटीचे झटकेही अधूनमधून येत होते, म्हणून फिजिशियनांनी प्रोप्रॅनोलॉल सुचवले. एका गोळीत कंप आणि धडधड दोन्ही थांबतील, शिवाय रक्तदाबालाही मदत. चिठ्ठी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो तर त्यांनी ती हातात घेऊन मान हलवली, कारण त्या गटातल्या गोळ्यांनीही सोरायसिस चिडतो. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. किर्द बरोबर, खतावणी बरोबर, तेरीज मात्र जुळत नाही, अशा वेळी आम्ही रात्र रात्र बसून चूक शोधतो. इथे चूक कुठेच नव्हती आणि ती शोधायचे काम कोणाकडेही नव्हते. घबराटीसाठी मॅडमनी गोळीऐवजी समुपदेशकाकडे पाठवले. झटका आला की तो टाळायला एस. टी.तून उतरायचे नाही, बसून राहून तो ओसरताना पाहायचा, हे शिकायला मला बारा बैठका लागल्या आणि निदान त्या एका गोष्टीसाठी कागदाच्या उजव्या बाजूला काही लिहावे लागले नाही. कंप सहन केला.

आता २०१९ च्या आषाढीबद्दल. आमच्या घरात वारी आहे. संपूर्ण वाट मला जमत नाही, पण शेवटचे चार-पाच मुक्काम मी गावच्या दिंडीबरोबर चालतो, आणि त्या वर्षी तर बरे झाल्याचा नवसच होता. मॅडमनी पाणी भरपूर प्यायला आणि निर्जळी उपवास न करायला सांगितले होते. ते मी पाळले. नातेपुत्याहून निघालो. पाऊस नव्हता, ढग दाबून बसलेले होते आणि घामाने सदरा पिळून काढावा असे दोन दिवस गेले. माळशिरसच्या मुक्कामी जुलाब सुरू झाले. गुडघे सुजले होते, म्हणून वाटेवरच्या एका औषधांच्या राहुटीत गेलो. तिथे लांब ओळ होती, माझ्या मागे आमच्याच दिंडीचे विणेकरी आणि गल्लीतले दोघे उभे होते. राहुटीतल्या तरुण डॉक्टरने विचारले की दुसरे काही औषध चालू आहे का, आणि मी म्हणालो, "बीपीचं आहे." एवढेच म्हणालो. त्याने डायक्लोफेनॅकच्या सहा गोळ्या दिल्या, जुलाबाच्या दिल्या, ओआरएसची पुडी दिली. त्याच्याकडून काही चुकले नाही.

वेळापूरला पोहोचेपर्यंत हातातला टाळ नीट वाजेना. बारीक कंपाची मला सवय होती, पण हा वेगळा होता. अख्खा पंजा हेलकावे खात होता, आणि चहाचा पेला तोंडाशी नेताना अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. बोलताना जीभ जड झाली. रात्री अभंगाला बसलो तर पाठ असलेल्या ओळी अर्ध्यावर तुटू लागल्या, आणि विणेकरीबुवांना वाटले की मला भक्तीचे भरते आले आहे. लघवीला उठलो तो तंबूच्या दोरीला अडखळून पडलो. मुलाला फोन लावून मी जे बोललो ते त्याला कळले नाही, पण आईला त्याने माझा आवाज ऐकवला आणि तिने बरोबर ओळखले. तिने विणेकरीबुवांना फोन करून स्पष्ट सांगितले की त्यांना लिथियम नावाचे मानसिक आजाराचे औषध चालू आहे, ताबडतोब अकलूजला न्या आणि हे नाव डॉक्टरांना सांगा. म्हणजे जे लपवण्यासाठी मी राहुटीत तोंड मिटले, ते शेवटी साऱ्या दिंडीला कळले आणि बुवांनी ते नाव विसरू नये म्हणून हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतले.

लिथियमची पातळी १.९ होती आणि क्रिएटिनिन नेहमीच्या १.० वरून १.६ वर गेले होते. घाम आणि जुलाब यांनी अंगातले मीठ-पाणी गेले, डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळला, आणि लिथियमला बाहेर पडायची वाट राहिली नाही. लिथियम बंद करून तीन दिवस सलाईन दिले, दर काही तासांनी रक्त तपासले. एकादशी रुग्णालयाच्या खिडकीतून पाहिली.

त्यानंतर घरी आल्यावर पत्नीने एक वहीचे पान घेतले आणि त्यावर सगळे लिहिले: आजार, प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ, शेवटच्या तपासण्यांचे आकडे, आणि तळाशी लाल शाईने चौकटीत काय द्यायचे नाही ते. पानाच्या अगदी वर तिने "बायपोलर विकार" असे लिहिले. मी म्हणालो, हे खाली लिहिले असते तरी चालले असते. ती म्हणाली, "अहो, खाली लिहिलं असतं तर तुम्ही ते पान दुमडून दाखवलं असतं." यावर बोलायला मला जागा नव्हती. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते मी खिशात ठेवू लागलो आणि प्रत्येक डॉक्टरापुढे, काही विचारण्याआधी, ते ठेवू लागलो. फिजिशियनांनी पहिल्यांदा ते पूर्ण वाचले आणि स्वतःच्या पेनाने त्यात एक दुरुस्ती केली.

लिथियम परत नको, असे मी मॅडमना सांगितले. त्या समजावू पाहत होत्या की औषध वाईट ठरलेले नाही, परिस्थिती वाईट होती. पण ज्याच्या तोंडून स्वतःचे शब्द निसटून गेले आहेत त्याला हा फरक पटत नाही. मग लॅमोट्रिजिन: दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, दोन आठवडे ५०, मग १००, मग २००. ते पुरेशा मात्रेला पोहोचेपर्यंत आधार म्हणून, आणि अतिउत्साहाच्या बाजूला लॅमोट्रिजिन कमी पडते म्हणूनही, रात्री क्वेटियापिन. चौथ्या आठवड्यात उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग उठला. मॅडमनी पूर्वी ज्याची धास्ती घातली होती तेच झाले असे समजून मी गोळी न घेता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी खिडकीशी नेऊन काचेच्या पट्टीच्या कडेने तो डाग हलकेच खरवडला. मेणबत्ती खरवडावी तसे पांढरे भुरके पापुद्रे निघाले, आणखी खरवडल्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले. "हा आपला जुनाच पाहुणा," ते म्हणाले. ताप नाही, तोंडात-डोळ्यांत काही नाही, हेही त्यांनी पाहिले आणि माझ्यासमोरच मॅडमना फोन लावला. दोघांचे बोलणे चार मिनिटेसुद्धा चालले नसेल. वर्षभर मी या दोघांच्या मध्ये चिठ्ठ्या वाहत होतो, आणि ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते.

क्वेटियापिनने झोप दिली आणि रात्रीची भूक दिली. जेवण होऊन दोन तास झाले की मी स्वयंपाकघरात उभ्याने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात असे, आणि सकाळी ते अर्धवटच आठवे. सहा महिन्यांत सहा किलो वाढले आणि सरासरी साखर ६.७ झाली, म्हणजे उंबरा ओलांडला. मेटफॉर्मिन सुरू झाले. एखादे औषध दुसऱ्या औषधामुळे घ्यावे लागते तेव्हा मनाला जे वाटते ते मधुमेहाच्या भीतीपेक्षा वेगळे असते. कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढल्यासारखे ते असते. वडिलांचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. क्वेटियापिन उतरवून अ‍ॅरिपिप्राझोल दिले, त्याने वजन वाढले नाही, पण पायांत अशी तळमळ आली की मी कार्यालयात खुर्चीवर बसू शकेना. बिले उभ्याने तपासली, व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, आणि शिपायाने मला विचारले की साहेब, कोणाची वाट बघताय. तीन आठवड्यांत तेही बंद.

२०२० च्या पावसाळ्यात, टाळेबंदीत, एकट्या लॅमोट्रिजिनवर असताना, मी पुन्हा खाली जाऊ लागलो. या वेळी विहिरीचा विचार आला. तो आला हे मी पत्नीला त्याच संध्याकाळी सांगितले, आणि माझ्या मते संपूर्ण आजारपणात मी शहाणपणाने केलेली हीच एक गोष्ट आहे. मॅडमनी फोनवरच विचारले, "आता लिथियमबद्दल पुन्हा बोलायचं का?"

या खेपेला कागद नवीन होता, पण उजव्या बाजूला लिहिताना मला थांबावे लागले नाही. डायक्लोफेनॅक आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांना कायमची बंदी. दुखले तर पॅरासिटामॉल आणि गुडघ्यांसाठी व्यायाम. उलट्या, जुलाब किंवा भरपूर ताप आला तर त्या दिवशी लिथियमची गोळी घ्यायची नाही, मॅडमना फोन करायचा आणि रक्त तपासायचे, असे आमच्यात ठरले. मात्रा ६०० मिलिग्रॅम, सोबत लॅमोट्रिजिन २००, पातळी ०.५ च्या आसपास राहील, एकट्या लिथियमसाठी ती कमी पडली असती, पण दोघे मिळून भागेल असा अंदाज होता. सोरायसिस भडकणार हे धरूनच चाललो. त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुचवून पाहिले; त्यालाही यकृत आणि मूत्रपिंड सांभाळावे लागते, म्हणून पुन्हा तेच पान उघडले गेले, आणि आम्ही अतिनील किरणांच्या उपचारावर आलो. आठवड्यातून तीनदा त्या उभ्या कपाटासारख्या यंत्रात चष्मा लावून उभे राहायचे. मिनिटाभराच्या उपचारासाठी येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो आणि कारखान्याला रजेचे कारण काय सांगायचे हा प्रश्न उरतोच. त्वचा म्हटले की कोणी पुढे विचारत नाही, हा सोरायसिसचा मला झालेला एकमेव उपयोग.

ही माझ्या एका शरीराची जुळणी आहे. मॅडमकडे माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या एका शिक्षिकेला लिथियमने काही केले नाही आणि व्हॅल्प्रोएटही वयामुळे देता येत नव्हते, कारण त्याने गर्भाला व्यंग येऊ शकते. त्या क्वेटियापिनवर उत्तम आहेत आणि त्यांचे वजनही वाढलेले नाही. तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी बदलू नये, आणि बंद तर मुळीच करू नये.

२०२२ मध्ये टीएसएच ७.८ आले आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी पानावर चढली. क्रिएटिनिन १.१ आणि १.२ यांच्या मध्ये घोटाळते. दर सहा महिन्यांनी तो आकडा उघडताना पोटात अजून गोळा येतो, आणि तो एखाद्या वेळी १.४ आला तर काय करायचे यावर मॅडमचे आणि माझे मत अजून एक झालेले नाही. वारीत मी आता चालत नाही. नातेपुत्याला दिंडी जेवायला बसते तिथे पाणी वाढतो.

गेल्या महिन्यात अक्कलदाढ काढायला गेलो होतो. दंतवैद्य तरुण होते, दाढ झटक्यात निघाली, आणि त्यांनी सवयीने चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक लिहायला घेतले. तोंडात कापूस असल्यामुळे मला बोलता येत नव्हते, म्हणून मी खिशातले पान काढून त्यांच्यासमोर सरकवले. बाहेरच्या बाकावरचे दोन रुग्ण अर्ध्या दारातून पाहत होते. डॉक्टरांनी पान वरपासून खालपर्यंत वाचले, लाल चौकटीवर थांबले आणि चिठ्ठीवरची ओळ खोडली. "लिथियम? म्हणजे बॅटरीत असतं तेच का?" त्यांनी मोकळेपणाने, चांगल्या मोठ्या आवाजात विचारले. मी मान हलवून हो म्हटले. घरी येऊन पत्नीने पानाच्या मागच्या बाजूला लिहिले: दाढ काढली, पॅरासिटामॉल ६५०, तीन दिवस, पाणी जास्त.